भिंतीची ओल : आधी पाणी शोधा, मग कारागीर

ईद जवळ आली की रंगाऱ्याला बोलवायचे, पोपडे खरवडायचे, पुट्टी भरून रंग द्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा पोपडे पाहायचे. कोकणातल्या कितीतरी घरांत हा खर्च वर्षानुवर्षे चालू आहे. घरधनी आखातात, पैसा तिकडून येणार आणि कारागिराशी बोलणार घरातली बाई. मग ‘भाभी, वॉटरप्रूफ रंग मारतो, दहा वर्षं बघायला नको,’ हे आश्वासन फार गोड लागते.

पण रंगारी ओल झाकतो, काढत नाही. पाणी कुठून येते त्यावर कारागीर ठरतो. ओल जमिनीपासून चढत कमरेपर्यंत येऊन थांबली असेल, वर पांढरा लोणा फुटत असेल, तर ती बहुधा जोत्यातून येते. ते काम गवंड्याचे. छताजवळ डाग असेल तर गच्ची, कठडा, पन्हळ पाहावी. न्हाणीघरामागची भिंत ऐन मे महिन्यातही ओली राहते? रात्री टाकी भरून सगळे नळ बंद ठेवा. सकाळी पाणी उतरलेले दिसले तर आधी प्लंबर.

जांभ्याच्या घरांचे दुखणे निराळे. हा दगड सच्छिद्र, आणि रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून जुनी माणसे पावसाच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधत, गिलावा चुन्याचा करत. चुना आतली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढले की पाणी आतच कोंडते. अशा भिंतीला सरसकट सिमेंट सुचवणाऱ्या गवंड्याला ‘चुन्याचे काम केले आहे का?’ असे जरूर विचारावे.

दारातूनच दर सांगणारा नको. चांगला माणूस आधी घराबाहेर फेरी मारतो, अंगणातली माती किंवा फरशी जोत्याच्या वर आली आहे का ते पाहतो. कधी कधी ती माती उपसण्यावरच भागते! त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता घ्या आणि त्या घरच्या बाईशी बोला. काय करणार ते कागदावर लिहून घ्या, पैसे टप्प्याने द्या. शेवटची थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर, हे आधीच बोलून ठेवावे.

काम दिवाळीनंतर काढावे. गिलावा झाल्यावर भिंत सुकायला दोन-तीन महिने सहज लागतात. तेवढ्यात ईद आलीच, तर त्या खोलीला नुसता चुना लावून घ्यावा.