*ट्रॅक्टर ऑइल खातोय? इंजिन खोलण्याआधी एवढं बघा*



मृगाची पेरणी तोंडावर आली की ऐकू येतं, "ट्रॅक्टर ऑइल खातोय, मेस्त्री म्हणतो इंजिन बांधावं लागेल." कदाचित लागेलही. पण ऐन पेरणीत ट्रॅक्टर खोलून ठेवण्याआधी घरच्या घरी एवढं तपासा.

*१) जळतंय की गळतंय?*
इंजिन बाहेरून पुसून घ्या, तासभर चालवा, रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा. ओल दिसली तर चेंबरचं पॅकिंग, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर बघा. तेवढ्यावरच काम भागू शकतं.

*२) नेमकं किती?*
सकाळी ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन थंड असताना वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. खुणेच्या वर नको, जादा ऑइलही जळतं. तासमीटरचा आकडा वहीत लिहा. पुढे किती तासांनी किती ऑइल टाकलं तेही लिहा.

*३) धूर काय सांगतो?*
▪️ काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. हा ऑइलचा धूर नाही.
▪️ सकाळी चालू करताना भसकन निळसर धूर, मग साफ: व्हॉल्व सील, गाईड. काम हेडपुरतं असू शकतं.
▪️ रोटाव्हेटरचा लोड आला की सतत निळसर धूर, ब्रीदरमधूनही भकाभका धूर: रिंगा-लायनर झिजल्याची शंका.
▪️ ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल असेल, तर तेही ओढलं जाऊन जळतं. आधी वाटी बघा.

*४) रिंगा गेल्या, पण का?*
हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या रानात रोटाव्हेटर मारताना बारीक धूळ उडते. एअर क्लीनरचा होज चिरला असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. इंजिन बंद करून एअर क्लीनरच्या पुढचा पाइप काढा, आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर वाट सापडली. ती बुजवली नाही तर नव्या रिंगाही तशाच झिजतील.

*५) लगेच थांबा*
ऑइल कमी होण्याऐवजी पट्टीवर वाढलं (डिझेल मिसळल्याची शंका), दुधासारखं दिसलं (पाणी), किंवा ऑइलचा दिवा लागला, तर इंजिन बंद करा. "एवढं तास उरकू" म्हणू नका.

नुसतं वरून ऑइल ओतत राहणं हा इलाज नाही. वहीतली नोंद आणि धुराचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेऊन मेस्त्रीकडे जा, म्हणजे नेमकं लागेल तेवढंच काम होईल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, धाराशिव