उत्पन्न : निरंक

"काकू, तुमचं उत्पन्न किती लिहू?"

महा ई-सेवा केंद्रातल्या मुलानं कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं. जुलै २०२४चा पहिला आठवडा. बाहेर पावसाची रिपरिप आणि आत ही गर्दी! 'लाडकी बहीण'चे अर्ज नुकतेच सुरू झालेले, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका दाखल्यांसाठी तिथंच. त्या गर्दीत मी आणि माझी लेक प्राजक्ता. तिची बारावी झाली होती आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी, फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता.

मी पटकन म्हटलं, "माझं कसलं आलंय उत्पन्न? मी घरीच असते."

"मग निरंक लिहितो," म्हणत त्याची बोटं की-बोर्डवर गेली.

"थांबा दादा," प्राजू म्हणाली. "आई, तू घरीच असतेस? मग आज पहाटे पन्नास भाकरी कुणी केल्या?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, ते हसू घशातच अडकलं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमचे हे भुसार आडतीत दिवाणजी. महिना पंधरा हजार. शिवाय वाटणीला आलेली दीड एकर जिराईत. आणि मी गेली काही वर्षं ज्वारीच्या कडक भाकरी अन् शेंगाची चटणी करून बाजारातल्या दोन दुकानांना देते. पण याला 'काम' असं मी कधी म्हटलंच नाही. कुणी विचारलं तर, "बसल्या बसल्या चार पैसे सुटतात," एवढंच. बसल्या बसल्या! हो, पहाटे चारपासून चुलीपुढं बसून.

प्राजूला सीईटीत चांगले मार्क पडले होते. पुण्याकडच्या एका कॉलेजात नंबर लागेल, असं तिचे सर म्हणत होते. त्या कॉलेजची वर्षाची फी एक लाख बारा हजार. आम्ही इतर मागासवर्गात येत असल्यानं शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळेल, हे माहीत होतं. पण उरलेली निम्मी? वर वसतिगृह, मेस, पुस्तकं? ह्यांनी रात्री हिशेब मांडला आणि कागद उलटा करून ठेवला. दिवसभर दुसऱ्यांचे लाखोंचे व्यवहार लिहिणारा हा माणूस, स्वतःच्या घरचा आकडा त्याला बघवेना. मी कपाटातल्या पाटल्या काढून पाहिल्या, पुन्हा ठेवल्या.

सवलतीचा अर्ज म्हटलं की मला एक जुनी गोष्ट आठवते. १९९९ साली मी बारावी झाले. पुढं कॉलेजात जायचं तर ई.बी.सी.चा फॉर्म भरा, फी माफ होईल, असं बाईंनी सांगितलं. मी फॉर्म घेऊन आबांसमोर उभी राहिले. वडिलांचं उत्पन्न आणि वडिलांची सही, एवढंच हवं होतं. आबांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आपण गरीब आहोत असं लिहून द्यायचं? गावात तोंड कुठं दाखवू?" आबा वाईट नव्हते हो. अब्रूला जपणारे होते. पण त्या अब्रूपायी माझं कॉलेज राहिलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्यामुळे प्राजूचा फॉर्म भरायचाच, यावर मी ठाम होते. प्रश्न होता तो त्यात काय लिहायचं हा.

केंद्रातल्या मुलानं आवाज खाली आणून सांगितलं, "काकू, तुमचं कशाला दाखवताय? अडीच लाखाच्या आत राहू द्या. पोरीचंही काम होईल आणि तुमचे महिना दीड हजारही सुरू होतील." त्याचं गणित चुकीचं नव्हतं. 'लाडकी बहीण'साठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखल्याची गरज नव्हती. आमचं कार्ड पांढरं. म्हणजे दाखला लागणार आणि त्यावरचा आकडा बघितला जाणार.

अर्ज तसाच ठेवून आम्ही घरी आलो. रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. भाकरीचं कोण बघायला येतंय?"

प्राजू म्हणाली, "पप्पा, फीच्या सवलतीची मर्यादा आठ लाख आहे. आपण त्याच्या आसपासही नाही. मग लपवायचं कशासाठी?"

"दीड हजारांसाठी," मी सरळ सांगून टाकलं. वर्षाचे अठरा हजार होतात. पोरीच्या मेसचे काही महिने निघतील त्यात. मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू?

प्राजू काही बोलली नाही. उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान घेऊन आली. "आई, निदान किती होतं ते तरी बघू. तू कधी मोजलंयस का?"

नव्हतं मोजलं. दुकानदार आठवड्याला पैसे द्यायचा. त्यातून कधी गॅसची टाकी, कधी क्लासची फी, कधी सासूबाईंची औषधं. आले तसे गेले. मोजायला हातात राहिले कधी?

प्राजू विचारत गेली, मी सांगत गेले. रोजच्या पन्नास भाकरी, दहा रुपयांप्रमाणे पाचशे. त्यातून ज्वारीचे दोनशे वजा. दळण, जळण, पिशव्यांचे पन्नास वजा. उरले अडीचशे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेसहा हजार. चटणीचे दीड हजार. महिना आठ हजार, वर्षाचे शहाण्णव हजार.

हे हात धुऊन आले आणि पान हातात घेतलं. दिवाणजीच ते, चूक शोधायला बसले. दोनदा बेरीज केली. मग आतून एक कोरी वही आणली, पहिल्या पानावर वर माझं नाव लिहिलं आणि खाली जमा-खर्चाचे रकाने आखले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. माझ्या नावाचं खातं त्या घरात पहिल्यांदा उघडलं गेलं.

ह्यांचे एक लाख ऐंशी हजार, माझे शहाण्णव हजार, शेतीचे वीस. एकूण दोन लाख शहाण्णव हजार. दुसऱ्या दिवशी तोच आकडा स्वयंघोषणापत्रात लिहिला. तलाठ्यांकडं चौकशीसाठी गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे भाकरीचं तुम्ही स्वतःहून लिहिलंय? लोक कमी करून मागतात." मी म्हटलं, "भाऊसाहेब, कष्टाचं आहे. कमी कसं करू?" त्यांनी अहवालावर सही केली.

दीड हजारांचा अर्ज मी भरला नाही. ज्या बायका त्या अटीत बसतात त्यांनी जरूर घ्यावेत, हक्काचे आहेत. मी बसत नव्हते, एवढंच. शेजारच्या मावशी अजून म्हणतात, "येडी हाईस तू." कधी कधी महिनाअखेरीला मलाही तसंच वाटतं.

आणि बघा, त्याच आठवड्यात बातमी आली. ८ जुलै २०२४ रोजी सरकारनं निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी शंभर टक्के सवलत. इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींसाठी. प्राजूनं पेपर माझ्या पिठाच्या हातात दिला. मी तो तीनदा वाचला. पाटल्यांचा विषय त्या रात्री घरात निघाला नाही.

पण निर्णय निघाला म्हणजे काम झालं, असं नसतं. ऑगस्टमध्ये प्रवेशाला गेलो तर खिडकीतला क्लार्क म्हणाला, "आमच्याकडं अजून काही आलेलं नाही. पूर्ण फी भरा, सरकारकडून आले की परत देऊ." आमच्या मागच्या एका वडिलांनी मुकाट्यानं पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं. कुठून आणले असतील कोण जाणे! माझे पाय लटपटायला लागले. प्राजूनं मात्र शासन निर्णयाची प्रत फाइलमधून काढली, उत्पन्नाच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारलेली, आणि म्हणाली, "सर, हे वाचून बघता का? नाहीतर पूर्ण फी मागताय असं लिहून द्या." भांडली नाही, आवाज चढवला नाही. दोन तास बसवून ठेवलं. शेवटी साहेबांनी बोलावलं, हमीपत्र लिहून घेतलं आणि प्रवेश दिला. विकास शुल्क आणि इतर मिळून चौदा हजार भरले, कारण ते या सवलतीत येत नाहीत. मागच्या त्या वडिलांनाही प्राजूनं ती प्रत दिली.

पुढं महाडीबीटीवर भरलेला अर्ज एकदा परत आला. कारण काय, तर आईच्या नावात फरक! माझ्या एका कागदावर 'संगीता', दुसऱ्यावर 'संगिता'. माहेरच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं, आधारवर आणखी तिसरंच. एका वेलांटीपायी लेकीचे हजारो रुपये अडकले होते. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं शपथपत्र करून दिलं, तेव्हा कुठं अर्ज पुढं सरकला. मंजुरी यायला हिवाळा उजाडला.

हे सगळं निस्तरताना जे शिकले ते तुम्हालाही सांगते. मुलगी अकरावीत गेली की कागदांची फाइल सुरू करा, निकालाची वाट बघू नका. जातपडताळणीला वेळ लागतो. त्यासाठी वडिलांकडच्या माणसांचे जुने दाखले लागतात आणि भावकीत कुणाची पडताळणी आधी झालेली असेल तर काम सोपं होतं. आम्हाला चुलत दिरांचा कागद उपयोगी पडला. आर्थिक दुर्बल घटकात असाल तर ते प्रमाणपत्र, इतर मागासवर्गात असाल तर नॉन-क्रीमीलेअर, शिवाय अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला. सगळ्यांवरची तारीख बघा, ३१ मार्चला मुदत संपणारे दाखले असतात. लेकीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. सगळ्या कागदांवर लेकीचं आणि तुमचं नाव एकसारखं करून घ्या.

आणखी एक. प्रवेश 'कॅप'मधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेजच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. घाईघाईत कुणी "आत्ता सीट घ्या, सवलतीचं नंतर बघू" म्हणालं तर पाय मागं घ्या. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत. वसतिगृहात नंबर न लागलेल्या इतर मागास मुलामुलींसाठी सावित्रीबाई फुलेंच्या नावानं आधार योजना आहे, घराबाहेर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन विचारायला लाजू नका.

लाजू नका, हे तर मी स्वतःलाच सांगत होते. आबांना वाटायचं, सवलत मागणं म्हणजे पदर पसरणं. मला वाटायचं, भाकरीचे पैसे म्हणजे काही कमाई नव्हे. दोन्ही एकाच मुळाचं. जे आहे ते कागदावर येऊ द्यायची भीती. फॉर्म फक्त विचारतो, तुमच्या घरात किती येतं? त्याचं खरं उत्तर देण्यात कसली आली बेअब्रू?

हा अर्ज दर वर्षी नव्यानं भरावा लागतो. प्राजूची मेस आणि खोली भाकरीवरच चालते, तिथं सवलत नाही. आता भाकरी रोजच्या ऐंशी झाल्यात. वही हे लिहितात, शनिवारी रात्री, मला विचारून.

मागच्या खेपेला दाखला काढायला मी एकटीच गेले. तोच मुलगा होता. मला ओळखलं नाही त्यानं. "काकू, तुमचं उत्पन्न किती लिहू?"

मी पिशवीतून वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.