गुरू-शुक्राचा अस्त कोणी पाहिला?

२०२४ चा मे महिना ज्यांच्या घरात लग्न होतं त्यांना नीट आठवत असेल. ऐन लग्नसराई आणि पंचांगात मुहूर्तांची टंचाई. शुक्र एप्रिलच्या अखेरीसच अस्त पावला होता, मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यामागून गुरूही गेला. कुणी गौण मुहूर्तावर भागवलं, कुणी लग्न थेट हिवाळ्यावर ढकललं.

त्याच सुमारास मोबाइलवर वेगळीच बातमी फिरत होती. ३ जूनच्या पहाटे सहा ग्रहांची ‘परेड’, नुसत्या डोळ्यांनी बघा! त्यातल्या नेपच्यूनला दुर्बीण लागते, युरेनसलाही जवळपास तीच गत, हे सोडून देऊ. बुध आणि गुरू तेव्हा सूर्याच्या इतके लगत होते की फटफटायच्या आत त्यांना क्षितिजावर गाठणं जवळजवळ अशक्यच. डोळ्यांना दिसण्याजोगे उरले दोन, मंगळ आणि शनी. शुक्र तर ४ जूनला सूर्याच्या मागे होता. त्या आठवड्यात आकाशाबद्दल मोबाइलपेक्षा कपाटावरचं पंचांग अधिक खरं बोलत होतं.

गुरूच्या अस्तात लग्न लागलं म्हणून कुणाचा संसार बिघडतो, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण अस्त ही गोष्ट मात्र पूर्णपणे आकाशातली आहे. इथे रोजचं मावळणं अभिप्रेत नाही. ग्रह सूर्याच्या इतका जवळ येतो की संधिप्रकाशात हरवतो आणि काही दिवस, काही आठवडे दिसतच नाही, तो हा अस्त. गुरूच्या वाट्याला तो साधारण तेरा महिन्यांतून एकदा, महिनाभरासाठी येतो. शुक्राचं तंत्र निराळं. तो सूर्याच्या पलीकडून जात असेल तर दोनेक महिने गायब, आणि सूर्य व पृथ्वी यांच्या मधून जात असेल तर आठ-दहा दिवसांत पुन्हा हजर.

ग्रह सूर्यापासून किती दूर गेला म्हणजे दिसेल, याचं उत्तर सूर्यसिद्धान्तात आकड्यांत दिलेलं आहे. त्याचं माप कालांश. एक कालांश म्हणजे चार मिनिटं. गुरूला ११ कालांश, म्हणजे तो सूर्याच्या ४४ मिनिटं आधी उगवला किंवा तेवढा नंतर मावळला तर दिसेल. शुक्राला १०, वक्री असताना ८. बुधाला १४, वक्री असताना १२. शनीला १५ आणि मंगळाला सगळ्यांत जास्त, १७. हे आकडे नुसते बसून सुचलेले वाटत नाहीत. जितका ग्रह तेजस्वी तितके कालांश कमी, असा त्यांचा क्रम लागतो. मंगळ शेवटी का? एरवी लालबुंद मिरवणारा मंगळ सूर्याजवळ दिसतो तेव्हा आपल्यापासून सर्वांत दूर, सूर्याच्या पलीकडे असतो आणि म्हणून पार मिणमिणता होतो. हे कळायला कुणीतरी पहाटे उठून, वर्षानुवर्षं क्षितिजाकडे बघितलेलं असणार.

असा एक बघणारा आपल्या कोकणातलाच. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा केशव दैवज्ञ. ‘ग्रहकौतुक’ हा त्याचा ग्रंथ शके १४१८ चा, म्हणजे १४९६ चा. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांचे, म्हणजे गणिताच्या परंपरांचे, ग्रह एकमेकांशी जुळत नाहीत आणि आकाशाशीही जुळत नाहीत, हे त्याने ताऱ्यांशी होणाऱ्या युती आणि उदयास्त पाहून ताडलं. पुढच्यांनीही असंच बघून गणित नवं करावं, असं त्याने लिहून ठेवलं. पश्चिमेला समुद्राचं सपाट क्षितिज, अस्त बघायला याहून चांगली जागा कुठली! त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ याने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचलं, तेव्हा कुठला ग्रह कुठल्या पक्षाने दृष्टीस जुळतो हे पाहून एकेक निवडला. गुरू आणि मंगळ आर्यपक्षाचे, बुध ब्राह्मपक्षाचा. शनी आर्यपक्षाचाच, पण त्यात पाच अंश मिळवून. पाच अंश म्हणजे दहा पूर्णचंद्र ओळीने लावावेत एवढी दुरुस्ती. परंपरेचा मान राखूनही बापलेकांनी शेवटचा शब्द डोळ्यांचा मानला, हे मला फार मोठं वाटतं.

ग्रहलाघव मग महाराष्ट्रात तीन शतकांहून अधिक काळ चाललं आणि तेही आकाशापासून सरकलं. ती सरक भरून काढण्याचं काम पुण्यात झालं. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, टिळकांचे गुरू. युरोपीय वेधांच्या आधारे ग्रहस्थिती काढण्यासाठी त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या गणिताचं पंचांग निघू लागलं, तेच पटवर्धनी पंचांग. त्यावरून वाद पेटले. टिळकही त्यात उतरले. हा सारा इतिहास वाचायचा तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६ चं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आहे. १९४४ पासून पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९८८ पासून आयुका आहे. तरीही लग्नाची तारीख अस्तावरून पुढे ढकलणाऱ्या शंभर पुणेकरांना विचारलं, तर अस्ताच्या आदल्या आठवड्यातला गुरू पाहिलेला एक तरी निघेल का, याची मला शंका आहे.

शहरात तारे दिसत नाहीत हो, असं उत्तर यावर तयार असतं. ताऱ्यांपुरतं ते खरं आहे. पुण्यातून आकाशगंगा कधीच गेली. पण बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे एरवी बहुतेक ताऱ्यांपेक्षा ठळक असतात आणि रस्त्यावरच्या दिव्यांना दाद देत नाहीत. दिव्यांनी पळवला तो युरेनस. १३ मार्च १७८१ ला हर्शेलला तो दुर्बिणीतून सापडला, तेव्हा पुण्यात नाना फडणविसांचा कारभार होता. त्या पुण्याच्या काळ्याभोर आकाशात तो नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसला असता. आज गावात बसून त्याची आशा करू नये.

पुण्याची खरी अडचण उजेडापेक्षा क्षितिजाची आहे. दोनशे मीटरवर बारा मजली इमारत उभी राहिली की क्षितिज साधारण दहा अंश वर सरकतं. दहा अंश म्हणजे चाळीस मिनिटं. बाल्कनीतून बघणाऱ्यापुरता गुरू पंचांगाच्या दहा-बारा दिवस आधीच अस्त पावतो. तेव्हा वेताळ टेकडी किंवा पर्वती गाठावी. बुधासाठी तर टेकडीला पर्याय नाही, कारण तो सूर्यापासून कधीच २८ अंशांपलीकडे जात नाही. पण आपण अठरा-साडेअठरा अक्षांशावर आहोत, इथे ग्रहांची वाट क्षितिजाशी बरीच उभी असते. बुधाच्या बाबतीत युरोपापेक्षा आपलं नशीब चांगलं.

सूर्याच्या झोतात काय काय लपू शकतं याचा मोठा नमुना १९६२ च्या फेब्रुवारीत घडला. पानशेतचं धरण फुटून सात महिनेही झाले नव्हते आणि मकर राशीत अष्टग्रही जमली. जगबुडीच्या भाकितांनी देश हवालदिल झाला, ठिकठिकाणी यज्ञ झाले. गंमत अशी की ज्यांना इतकं भ्यायचं, ते पाचही ताराग्रह सूर्य-चंद्रासकट १६-१७ अंशांत कोंबलेले होते. म्हणजे कुणालाच दिसत नव्हते. ५ फेब्रुवारीला सूर्यग्रहण झालं, तेव्हा न्यू गिनीकडच्या खग्रास पट्ट्यात ती मंडळी बघायची थोडी संधी होती. बाकी जग न दिसणाऱ्या ग्रहांना घाबरलं.

आता जरा दुसऱ्या जगातून बघू. मंगळावर उभं राहिलं तर पृथ्वी शुक्रासारखी वागते. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, सूर्यापासून फार तर ४७ अंशांवर. तिलाही कला आहेत, तिचाही अस्त होतो. क्युरिऑसिटी या यानाने ३१ जानेवारी २०१४ रोजी तिचं छायाचित्र घेतलं, मंगळावर सूर्य मावळून सुमारे ८० मिनिटं झाल्यावर. आपल्या मापात म्हणजे वीस कालांश, कुठल्याही ग्रहाला पुरून उरतील एवढे. शेजारी चंद्रही दिसला. पृथ्वी आकाशात सूर्यापासून सर्वांत दूर दिसते तेव्हा मंगळावरून तिच्यात आणि चंद्रात आठेक कलांचं (इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर पडू शकतं. लग्नात नवरीला दाखवतात त्या वसिष्ठ-अरुंधतीत बारा कलांचं आहे. म्हणजे मंगळावरच्या नवरीला अरुंधतीऐवजी ही जोडी दाखवली तरी चालेल. शुक्रावर मात्र काहीच नाही. ढगांखाली ग्रह सोडाच, सूर्यही धड दिसत नाही.

बाहेर जावं तसे आपण सूर्याला चिकटत जातो. गुरूवरून पृथ्वी सूर्यापासून जेमतेम ११-१२ अंश लांब जाते. सूर्यसिद्धान्ताचे कालांश पृथ्वीच्या हवेतले आहेत, ते गुरूला जसेच्या तसे लावता येत नाहीत हे कबूल. पण गुरूवर पंचांग निघालंच, तर पृथ्वीचा उदय क्वचित आणि अस्त वर्षभर लिहावा लागेल. शनीवरून तर अवघे सहा अंश. म्हणूनच १९ जुलै २०१३ ला कॅसिनी यानाने आपला फोटो काढला तो शनीच्या सावलीत शिरून. सूर्य शनीने झाकला, आणि १४४ कोटी किलोमीटरवरची पृथ्वी कड्यांच्या खाली निळसर ठिपका होऊन उमटली. त्याच चित्रात शुक्र आणि मंगळही आले. पृथ्वीवर ही सोय न्यू गिनीच्या ग्रहणाने काही मिनिटांपुरती केली होती.

यापुढची एक तारीख मात्र टिपून ठेवावी. ८ सप्टेंबर २०४० च्या संध्याकाळी पाचही ताराग्रह पश्चिमेला साधारण दहा अंशांत गोळा होतील, जोडीला चंद्रकोर. १९६२ सारखे सूर्यात गडप झालेले नव्हे, त्याच्यापासून वीसेक अंश सुटलेले, सूर्यास्तानंतर तासभर तरी क्षितिजावर टिकणारे. पुण्यात तेव्हा गणपती दोन दिवसांवर आलेले असतील, आणि भाद्रपदात आभाळ मोकळं मिळेलच असं नाही. तेव्हा एका संध्याकाळवर भिस्त न ठेवता, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासूनच रोज टेकडी चढायला लागावं.