वार्षिक संकलन थांबले. ऑस्ट्रेलियन कथा आता कोठे वाचायची?

मेलबर्नच्या ‘ब्लॅक इंक’ या प्रकाशनसंस्थेने १९९९ मध्ये सुरू केलेली ‘द बेस्ट ऑस्ट्रेलियन स्टोरीज’ ही वार्षिक मालिका २०१७ च्या खंडानंतर थांबली. निबंध आणि कविता यांच्या जोडमालिकाही तिच्यासोबतच बंद झाल्या. कथालेखकांच्या दृष्टीने ही हानी मोठी होती. नियतकालिकात आलेली कथा पुढचा अंक निघताच मागे पडते. वार्षिक संकलन तिला ग्रंथालयात आणि पुस्तकांच्या दुकानात दुसरे आयुष्य देत असे.

ती निवड कोण करतो, यालाही महत्त्व होते. पहिल्या खंडाचे संपादक समीक्षक पीटर क्रेवन होते. २०१३ चा खंड नूंगार या मूळनिवासी समाजातील कादंबरीकार किम स्कॉट यांनी, तर अखेरचा आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या मॅक्सीन बेनेबा क्लार्क यांनी सिद्ध केला.

‘ऑस्ट्रेलियन कथा’ नेमकी कोणाची, हा प्रश्न तेथे जुनाच आहे. सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये १८९२ साली हेन्री लॉसन यांची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ प्रसिद्ध झाली. नवरा जनावरांचे कळप घेऊन दूर गेलेला, घराखाली साप शिरलेला आणि चार मुलांना जपत रात्रभर जागणारी आई, एवढाच तिचा ऐवज. पण देशाची प्रातिनिधिक कथा म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. मरे बेल, फ्रँक मूरहाऊस यांनी त्याच शीर्षकाखाली आपापल्या कथा लिहिल्या. मूळनिवासी लेखिका व अभिनेत्री लीआ पर्सेल यांनी तिच्यावर २०१६ मध्ये नाटक आणि २०१९ मध्ये कादंबरी आणली. लॉसन यांच्या कथेत मूळनिवासी माणसे ओझरती येतात. पर्सेल यांच्या नाटकात यादाका हा मूळनिवासी पुरुष थेट केंद्राशी आहे.

वार्षिक मालिकेची जागा पुढे कोणत्याही एका ग्रंथाने घेतलेली नाही. एलन व्हॅन नीरव्हेन यांनी संपादित केलेल्या ‘फ्लॉक’मध्ये (२०२१) मूळनिवासी लेखकांच्या जुन्या-नव्या कथा एकत्र आल्या. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत ‘स्वेटशॉप’ या साहित्यिक चळवळीने मूळनिवासी, स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतील स्त्रियांचे लेखन संकलित केले. यातून दुर्लक्षित आवाज पुढे आले, हे निःसंशय. मात्र वर्षभरातील नामवंत आणि नवख्या लेखकांना एकाच पुस्तकात शेजारी ठेवून वाचण्याची सोय त्यात नाही.

एकाच लेखकाच्या संग्रहांनीही हा भार उचलला आहे. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या नाम ले यांचा ‘द बोट’ (२००८) त्यांपैकी बहुचर्चित. मुंबईत वाढलेल्या, मूळच्या गोमंतकीय रोआना गोन्सालविस यांनी ‘द पर्मनंट रेसिडेंट’मध्ये (२०१६) ऑस्ट्रेलियात गेलेल्या भारतीयांचे जगणे मांडले. २०१८ मध्ये हाच संग्रह भारतात ‘सुनीता डिसूझा गोज टू सिडनी’ या नावाने निघाला. तिकडच्या मुखपृष्ठावर निवासाच्या परवान्याचा दर्जा होता. इकडच्या मुखपृष्ठावर एका स्त्रीचे नाव आले.