बट्टा कुठे बसतो

घरचा हिशेब : लेखांक ९

माझी आत्या सांगलीतल्या शाळेतून निवृत्त झाली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा विमानात बसली, ती थेट बँकॉकसाठी. ग्रुप टूर, नाश्ता-जेवण सगळं पॅकेजमध्ये. निघायच्या धावपळीत चलनाचं तेवढं राहून गेलं. मग विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, रात्री दीड वाजता जो पहिला काउंटर दिसला तिथे तिने तीस हजार रुपये दिले आणि दहा हजार बाट घेतले. काउंटरवर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी होती.

परत आल्यावर तिने मला पावती दाखवली. त्या दिवशी बाजारात एका बाटचा भाव साधारण २ रुपये ७० पैसे होता. तिला तो ३ रुपयांना पडला. म्हणजे तीन हजार रुपये जास्त गेले. कमिशन खरंच शून्य होतं. काउंटरची कमाई भावातच मुरलेली होती, आणि तो भाव समोरच्या बोर्डावर लिहिलेला होता. तिच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं पै पै साठवून एकदा परदेश बघायला जातात. त्यांचे तीन हजार असे जावेत याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा आठवडा चलनासाठी.

आपल्याकडे या कापणीला जुना शब्द आहे: बट्टा. पेशवाईत एकाच वेळी किती तरी प्रकारचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या पेठेत चालवायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी एकच रुपया ठरला आणि पुढे हळूहळू तो धंदा मावळला. परदेशी जाताना मात्र आपण पुन्हा त्याच सराफापुढे उभे असतो. तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायचा: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात किती बाट, युरो किंवा दिरहम पडणार? कमिशन, सेवा शुल्क, जीएसटी हे सगळं या दोन आकड्यांत येऊन जातं. पहिल्याला दुसऱ्याने भागा. जो भाव येईल तोच खरा भाव.

तुलना कशाशी करायची? बँका आपसांत ज्या भावाने व्यवहार करतात, त्या मधल्या भावाशी. मोबाइलवर कुठल्याही चलनाचं नाव टाकलं की जो दिसतो, तो साधारण हाच असतो. या भावाने आपल्याला कोणी चलन देणार नाही, पण आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते कळतं. डॉलर, युरो, पौंड ही चलनं आपल्याकडे रोज मोठ्या प्रमाणात विकली जातात, त्यामुळे चांगला मनी चेंजर मधल्या भावावर टक्क्याच्या आतबाहेर घेतो. बाट, व्हिएतनामी डोंग, इंडोनेशियन रुपिया यांना इथे गिऱ्हाईक कमी. नोटा मागवायच्या, सांभाळायच्या, न खपल्या तर पडून राहायच्या. तो सगळा खर्च आपल्या भावात येतो.

म्हणूनच थायलंडला जाताना इथून डॉलर घेऊन तिथे बाट करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोनदा बदल म्हणजे दोनदा बट्टा, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण दोन लहान बट्टे मिळून एका मोठ्या बट्ट्यापेक्षा कमी भरू शकतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. मधला भाव डॉलरला ८८ रुपये आहे आणि शहरातला मनी चेंजर ८८.६० ला देतो. ६०० डॉलरचे ५३,१६० रुपये झाले. बँकॉकमध्ये डॉलरला ३२.५० बाट मिळाले, म्हणजे १९,५०० बाट. तेवढेच बाट इथे शहरात २.८२ ने घेतले असते तर ५४,९९० रुपये गेले असते, आणि आत्याच्या काउंटरवर ५८,५००. भाव रोज हलतील, पण या तिघांचा क्रम सहसा हलत नाही.

त्यात एक बारकावा आहे. बँकॉकमध्ये शंभराच्या आणि पन्नासाच्या डॉलर नोटांना जो भाव मिळतो, तो वीस, दहा, पाचच्या नोटांना मिळत नाही. इथून घेतानाच शंभराच्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागा. शाईचा डाग किंवा शिक्का असलेली नोट तिथे परत करतात. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर आगमन कक्षातले काउंटर सोडून तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकापाशी जा. तिथल्या चलनाच्या खिडक्यांवर भाव वरच्यापेक्षा बराच चांगला असतो. शहरात राजदमरी भागातली सुपररिचची दुकानं भावासाठी प्रसिद्ध आहेत. पासपोर्ट जवळ ठेवा, तो मागतात. दुबईला तर डॉलर आणखी सोयीचा, कारण दिरहमचा भाव १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे.

इथल्या खरेदीचे नियम थोडक्यात. चलन फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच घ्यायचं. पासपोर्ट, व्हिसा किंवा तिकीट आणि पॅन लागतं. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोख देता येत नाहीत. खात्यातून द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम नोटांमध्ये नेता येत नाही. उरलेली कार्डावर न्यायची. लाख रुपयांपर्यंतच्या चलनावर जीएसटी रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे ९६ रुपये. तो सगळीकडे सारखा, त्याची काळजी नको. घासाघीस भावावर करा. दोन ठिकाणी फोन करून ‘६०० डॉलर हवेत, सगळं धरून किती?’ एवढं विचारलं तरी बोर्डावरचा भाव दहा-वीस पैशांनी उतरतो. हे सोमवार ते शुक्रवारच करा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि पुढच्या चढउताराचा धोका नको म्हणून विकणारा भाव चढा ठेवतो.

आता कार्ड. नेहमीच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने परदेशात खर्च केला तर बऱ्याच बँका साडेतीन टक्के मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. ३,००० बाटच्या खरेदीवर ३३५ रुपयांच्या आसपास. मार्कअप न लावणारी कार्डंही आहेत, आणि युरोप किंवा सिंगापूरसारख्या, जिथे चहासुद्धा कार्डाने घेता येतो अशा ठिकाणी त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. निघण्याआधी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर अॅपमधून सुरू करा. २०२० पासून नवी कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते स्वाइप मशीनपुढे. दुकानदार मशीन तुमच्याकडे वळवतो. पडद्यावर दोन रकमा असतात, एक बाटमध्ये, एक रुपयांत. रुपये दिसले की जीवाला बरं वाटतं, आपला आकडा, आपल्या ओळखीचा. पण तो रुपयांचा भाव तुमच्या बँकेचा नसतो; मशीनमागच्या कंपनीने स्वतःचा नफा घालून ठरवलेला असतो आणि तो मधल्या भावापेक्षा कित्येक टक्के चढा असू शकतो. त्यावर आपली बँकसुद्धा अनेकदा परदेशी व्यवहाराचं शुल्क लावते, व्यवहार रुपयांत झालेला असला तरी. म्हणजे बट्टा दोन्हीकडून. दरवेळी स्थानिक चलनच निवडा. काही दुकानांत न विचारताच रुपये दाबले जातात. मग पावती बघून तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगायचा संकोच करू नका. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, ‘बदलाचा भाव मान्य आहे का?’ असा. तिथे ‘नाही’ दाबा. पैसे तरीही मिळतात, फक्त भाव तुमच्या बँकेचा लागतो.

थायलंडच्या एटीएमचं आणखी एक. परदेशी कार्डावर तिथली बँक दरवेळी सुमारे २२० बाट घेते, म्हणजे जवळपास सहाशे रुपये. दोन हजार बाट काढले तर अकरा टक्के गेले. वीस हजार काढले तर एकच टक्का. म्हणून काढायचेच तर एकदाच काढा. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून कधीच नको, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

फॉरेक्स कार्ड चांगलं, पण ज्या चलनात खर्च करणार तेच त्यात भरलेलं असेल तर. डॉलर भरून बाटमध्ये खर्च केलात की बरीच कार्डं अदलाबदलीचे साडेतीन टक्के घेतात. आणि भरताना लागणारा भाव मनी चेंजरच्या भावाइतकाच नीट तपासा, तो चढा असतो. शेजारच्या नेपाळला यातलं काहीच लागत नाही, तिथे आपल्या एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे.

उरलेलं चलन हा शेवटचा बट्टा. परत आल्यावर १८० दिवसांत ते विकायचं असतं, मात्र २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा आपल्याकडे ठेवता येतात. इथे बाट विकायला गेलात तर घेणाऱ्याचा भाव अगदीच पडता असतो. म्हणून शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल आधी उरलेल्या नोटांनी भागवा आणि बाकीचं कार्डाने द्या. नाणी कुठलाच काउंटर घेत नाही. ती ठेवायला मर्यादाही नाही. आत्याची दहा-दहा बाटची सात नाणी आता माझ्या भाच्याच्या डब्यात आहेत. उरलेले ७४० बाट तिने पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवलेत. तिला पुन्हा जायचंय, या वेळी चियांग माईला, आणि डॉलरचा भाव ती आतापासून वहीत लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात : प्रवासाचा विमा, आणि त्यात काय भरून मिळत नाही.