वासराच्या कोटीपोटाची वाढ आणि पूरक खाद्य : माळव्यातील पशुपालनाच्या संदर्भात

प्रस्तावना

इंदूर परिसरात शेतीबरोबर गाय-म्हैस पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांची मुले कम्युनिटी कॉलेजात शिकतात. महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही वासरांच्या संगोपनाविषयी काही गैरसमज टिकून आहेत. बाजारातील पूरक खाद्याने वासराची पचनशक्ती वाढते, हा त्यांपैकी एक. प्रस्तुत लेखात या समजुतीची शास्त्रीय बाजू मांडली आहे.

वासराचे पोट

गाईच्या पोटाचे कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे असतात. जन्मतः खरे पोट सर्वांत मोठे, म्हणजे एकूण पोटाच्या सुमारे ६० टक्के असते. कोटीपोट त्या वेळी लहान व निष्क्रिय असते. प्रौढ जनावरात मात्र तेच सर्वांत मोठे होते. वासरू दूध ओढू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली पन्हळ मिटते आणि दूध थेट खऱ्या पोटात उतरते. त्यामुळे केवळ दुधावर ठेवलेल्या वासराचे वजन वाढले, तरी त्याचे कोटीपोट अविकसितच राहते.

कोटीपोट कशाने वाढते?

१९५० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉर्नर, फ्लॅट आणि लूसली यांनी या प्रश्नावर प्रयोग केले. कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज ठेवल्यास त्याचा आकार वाढला, पण आतील अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे वाढले नाहीत. आंबण्याच्या क्रियेत तयार होणारी आम्ले दिल्यावर मात्र ते वाढले. पोषकद्रव्ये शोषून घेण्याचे काम हेच उंचवटे करतात. धान्याचा भरडा आंबून ब्युटिरिक व प्रोपिऑनिक आम्ले तयार होतात. वाळल्या चाऱ्याने स्नायू बळकट होऊन रवंथ सुरू होण्यास मदत होते. दुधातील पाणी खऱ्या पोटात जात असल्याने कोटीपोटातील जिवाणूंसाठी स्वच्छ पाणी वेगळे ठेवावे लागते.

संगोपनाचा क्रम

पहिली पायरी चिकाची. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती घातक आहे. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. वासराच्या वजनाच्या दशांश इतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक पहिल्या काही तासांत विभागून पाजावा.

दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर थोडा थोडा द्यावा. मक्याचा भरडा, पेंड, कोंडा व खनिज मिश्रण यांपासून तो तयार होतो. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असावीत. माळव्यात सोयाबीन पेंड सहज मिळते. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये, कारण त्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. मोठ्या जनावरांचे युरियायुक्त खाद्यही वर्ज्य समजावे. वासरू सलग तीन दिवस रोज पाऊण ते एक किलो स्टार्टर खाऊ लागले की दूध हळूहळू तोडता येते.

पूरकांचे स्थान

यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलससारख्या प्रोबायोटिकांमुळे हगवण कमी होण्यास मदत होऊ शकते. परंतु परिणाम सर्वत्र सारखे दिसत नाहीत. चीक, स्टार्टर, पाणी, स्वच्छता आणि वेळेवर जंतनिर्मूलन यांची उणीव कोणतेही पूरक भरून काढीत नाही.

निष्कर्ष

मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबात एक वासरू दगावणे म्हणजे पुढील काही वर्षांचे दूध गमावणे होय. म्हणून पूरकांवर खर्च करण्यापूर्वी हा क्रम पाळणे आवश्यक आहे. अध्यापकांनी हा विषय विद्यार्थ्यांच्या घरच्या शब्दांतून शिकवावा. मराठीतील चीक म्हणजे हिंदी-उर्दूतील खीस, रवंथ म्हणजे जुगाली. शब्द ओळखीचा असला की त्यामागील शास्त्र घरी पोहोचते, आणि ‘वार पडेपर्यंत थांबा’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना विद्यार्थी आदराने, पण सकारण उत्तर देऊ शकतो.