छायाचित्रें पिवळीं कां पडतात?

आजोबांच्या उपनयनाचें अथवा आईवडिलांच्या विवाहाचें कृष्णधवल छायाचित्र ज्याच्या भिंतीवर नाहीं, असें जुनें घर डोंबिवलींत विरळाच. त्यांतील कांहीं चित्रें पन्नास वर्षांनींही टवटवीत दिसतात, तर कांहींतील चेहरे दहा पावसाळ्यांतच ओळखेनासे होतात. दोष बहुधा छायाचित्रकाराच्या नजरेचा नसून अखेरच्या धुण्याचा असतो.

कागदावरील चित्र म्हणजे रुप्याचे सूक्ष्म कण. चित्र पक्कें करण्यासाठीं वापरलेला हायपो कागदाच्या तंतूंत उरला, कीं त्यांतील गंधक या रुप्यास हळूहळू खाऊं लागतें. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें नेमलेल्या समितीनें १८५५ सालींच हें कारण सांगितलें, आणि हवेंतील गंधकयुक्त वायूंकडेही बोट दाखविलें. (मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी त्याच्या आदल्याच वर्षीं निघाली होती!) डोंबिवलीकरांस या दुसऱ्या शत्रूची ओळख करून द्यावयास नको. ज्या गांवीं रासायनिक कारखान्यांचा दर्प खिडकींतून आंत येतो, जेथील हिरव्या पावसाची वार्ता २०१४ सालीं गाजली, तेथें उघड्या रुप्याचें काय होतें, हें देवघरांतील चांदीच्या निरांजनावरून समजावें.

तेव्हां प्रथम धुणें. जाड कागदाचें चित्र तासभर वाहत्या पाण्यांत ठेवावें, असें पुस्तकांत सांगतात; पण नळाला पाणी बेताचें असतां तें परवडावें कसें? त्याऐवजीं चित्र एकदां खळबळून शेंकडा दोन प्रमाणाच्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणांत दहा मिनिटें ठेवावें. मग पसरट भांड्यांत पांच-पांच मिनिटांनीं सर्व पाणी ओतून नवें भरावें. अशा आठ-दहा फेऱ्या पुरतात.

त्यानंतर सेपिया रंग. येथील युक्ति मोठी गमतीची आहे : ज्या गंधकाची भीति, तेंच आपण होऊन रुप्यास पोटभर द्यावयाचें! पोटॅशियम फेरीसायनाइड व पोटॅशियम ब्रोमाइड यांच्या द्रावणांत चित्र फिकट होतें. तें पिवळी झांक जाईपर्यंत धुवून सोडियम सल्फाइडमध्यें टाकतांच तपकिरी होऊन पुन्हां उमटतें. आतां तें सिल्व्हर सल्फाइड झालें. हवेंतील गंधकास खावयास फारसें कांहीं उरलें नाहीं. मात्र आधीं हायपो राहून गेला असेल, तर फेरीसायनाइड त्याच्या जोडीनें चित्रच विरघळवितें, आणि गेलेलें परत येत नाहीं. सल्फाइडला कुजक्या अंड्यांची घाण येते. काम उघड्या सज्ज्यांत, मुलांना दूर ठेवून करावें. त्यांत आम्ल कदापि पडूं देऊं नये, विषारी वायु निघतो.

घरांतील एकुलत्या एक जुन्या चित्रावर हा प्रयोग करूं नये. त्याची नवी प्रत काढून ती रंगवावी. चौकट करतांना चित्र आणि कांच यांमध्यें पुठ्ठ्याची कड अवश्य घालावी. नाहींतर आषाढांत तें कांचेलाच चिकटून बसतें.